नाकावरची छिद्रे आणि सेलूचे ऊन

मेडिकलच्या काउंटरवर आणि ब्यूटी पार्लरच्या खुर्चीत हल्ली एक मागणी हमखास ऐकू येते : "पोअर्स बंद व्हायला काहीतरी द्या." मागणारी कॉलेजातली मुलगी असते, नुकती दाढी फुटलेला मुलगा असतो, कधी चाळिशीतल्या बाईही असतात. द्यायला दुकानात पुष्कळ काही असते. पॅक, टोनर, सीरम, नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या, अगदी काहीच नाही तर मुलतानी मातीचा पुडा. अडचण इतकीच, की चेहऱ्यावरचे छिद्र बंद होत नाही. ते बंद व्हावे अशी त्याची रचनाच नाही. ते किती ठळक दिसावे, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या कापसाच्या आणि कडक उन्हाच्या तालुक्यात तर त्यासाठीची पहिली हालचाल क्रीमच्या डबीकडे नव्हे, डोक्यावरच्या उन्हाकडे बघून करावी लागते.

छिद्र म्हणजे नेमके काय?

त्वचेवर दोन प्रकारची तोंडे असतात. घामाची तोंडे इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. नाकावर, कपाळावर आणि नाकालगतच्या गालावर जी दिसतात ती रोमकूपांची, म्हणजे केस जिथून उगवतो त्या जागेची. ठळक छिद्राची रुंदी साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर भरते. प्रत्येक रोमकूपाला तैलग्रंथी जोडलेली असते आणि चेहऱ्यावर या ग्रंथींची दाटी मोठी असते : चौरस सेंटिमीटरला साधारण ४०० ते ९००. तळहातावर आणि तळपायावर एकही नसते. नाकावरचा केस म्हणजे नुसती लव, पण तिला लागून असलेली ग्रंथी चांगली मोठी. म्हणून तिथले तोंड केसापेक्षा तेलाच्या मापाचे असते.

या तोंडाभोवती उघडझाप करणारा स्नायू नसतो. थंडीने किंवा भीतीने अंगावर काटा आणणारा स्नायू असतो, पण तो रोमकूपाला खाली, आतल्या बाजूला जोडलेला असतो आणि केस उभा करतो. तोंड मिटत नाही. त्यामुळे वाफेने छिद्रे उघडतात आणि बर्फाने बंद होतात हा समज खरा नाही. वाफेने आत साठलेला तेलकट ऐवज मऊ पडतो, म्हणून तो काढायला सोपा जातो. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा घटकाभर ताठ वाटतो. घटका सरली की छिद्र जिथल्या तिथे.

मोठे दिसण्याची तीन कारणे

पहिले कारण तेल. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन वाढतात, तैलग्रंथी मोठ्या होतात आणि त्यांची तोंडेही रुंदावतात. दक्षिण कोरियात ६० जणांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या चेहऱ्यावर तेल जास्त सुटत होते त्यांची छिद्रे मोठी होती, पुरुषांची स्त्रियांपेक्षा मोठी होती, आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या चक्रानुसार त्यांत फरक पडत होता. महिन्यातले काही दिवस चेहरा खराब वाटतो, असे बायका म्हणतात ते उगाच नाही.

दुसरे कारण आतला साठा. त्वचेच्या मेलेल्या पेशी आणि तेल मिळून रोमकूपात बूच तयार होते. तोंड उघडे असलेल्या बुचाचे टोक काळे दिसते, तेच ब्लॅकहेड. तो काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतलेच मेलॅनिन हवा लागून काळवंडते, म्हणून कितीही घासले तरी ते जात नाही. याशिवाय नाकावर राखाडी, पिवळसर ठिपके ओळीने दिसतात, ते बहुतेकदा ब्लॅकहेडही नसतात. तेल बाहेर वाहून आणणारे ते नेहमीचे बारीक धागे असतात. पट्टी चिकटवून ओढले की पट्टीवर भरपूर काही निघाल्याचे समाधान मिळते आणि महिन्याभरात ते सगळे पुन्हा भरते. नखाने किंवा पिनेने उकरले तर मात्र छिद्राच्या जागी कायमचा खड्डा पडू शकतो.

तिसरे कारण काठाचा सैलपणा. छिद्राच्या भोवतालची त्वचा कोलाजेन आणि इलास्टिन या तंतूंनी ताणून धरलेली असते. वयाने आणि उन्हाने हे तंतू कमकुवत झाले, की पिशवीची नाडी सैल पडून तोंड फाकावे तसे छिद्र फाकते.

उपाय निवडण्याआधी आपले कारण ओळखावे. विशी-बाविशीत नाक आणि कपाळ चमकते आणि तिथली छिद्रे गोल दिसतात, तर तेल. टोकाला काळे ठिपके असतील, तर साठा. चाळिशीनंतर गालावरची छिद्रे लांबट, थेंबासारखी ओघळलेली दिसू लागली, तर काठ सैल झाला आहे. तेलाचा उपाय सैल काठाला लागू पडत नाही. पन्नाशीच्या बाईने तुरटी आणि बेसन लावून आधीच कोरडा चेहरा आणखी कोरडा करावा, त्यात नुकसानच आहे. आईवडिलांकडून आलेली त्वचा हा चौथा घटक. त्यावर मात्र इलाज नाही.

कापूस वेचणीचे ऊन

सेलू-परभणीकडे मे महिन्यात पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो, तेव्हा लोक आपोआप सावली धरतात. चेहऱ्याचे खरे नुकसान होते ते त्यानंतरच्या, सुसह्य वाटणाऱ्या महिन्यांत. जूनमध्ये लावलेला कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटतो आणि वेचणी पुढे कित्येक आठवडे चालते. सकाळी शेतात गेलेली बाई दिवस मावळता परत येते. हवा गार असते, पण सूर्यकिरणांतला यूव्हीए हा भाग उकाड्याच्या हिशेबाने कमी-जास्त होत नाही. तो त्वचेत खोलवर उतरतो आणि कोलाजेन तोडणारी विकरे जागी करतो. ढगातून येतो, बसच्या काचेतूनही येतो.

वेचणीला निघालेल्या बायकांचा वेश बघा. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून घेऊन नाकापर्यंत आवळलेला रुमाल किंवा दस्ती, उघडे फक्त डोळे. कापसाच्या बोंडाची टोके अंगाला ओरबाडू नयेत म्हणून आणि काळे पडू नये म्हणून हा बंदोबस्त असतो. त्वचेच्या दृष्टीने तो पुष्कळ महागड्या क्रीमपेक्षा सरस आहे. स्कूटीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलींचा स्कार्फही त्यातलाच. कापड दाट विणीचे आणि गडद रंगाचे असले तर ऊन जास्त अडते; विरळ पांढरे कापड घामाने ओले झाले की त्यातून बरेच ऊन आत जाते. तोच रुमाल दोन दिवस न धुता बांधला तर घाम, तेल आणि धूळ गालाला घासत राहते, म्हणून तो रोज धुवावा.

जिथे कापड पोचत नाही तिथे सनस्क्रीन. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन त्वचा लाल करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० चे सुमारे ९८ टक्के. आकड्यांत फरक फारसा नाही. फरक पडतो तो किती लावले यात. हे आकडे प्रयोगशाळेत जाड थर देऊन काढलेले असतात, आणि आपण हरभऱ्याएवढे घेऊन चेहराभर पसरवतो. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, एवढे चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागते. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. तेलकट चेहऱ्याला जेलसारखे हलके सनस्क्रीन घ्यावे आणि वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे रोमकूप न तुंबवणारे, असे लिहिले आहे का ते बघावे.

मुलतानी माती आणि आपली काळी रानं

घरगुती उपायांत मुलतानी मातीचा मान पहिला, आणि तिच्यात तथ्य आहे. ही माती ज्या खनिजकुळातली आहे त्यातले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात आणि त्या पापुद्र्यांत पाणी शिरते, तेल धरून ठेवले जाते. गंमत अशी, की सेलूच्या शिवारातली कपाशीची काळी माती याच कुळातल्या खनिजांनी भरलेली आहे. दख्खनचा बेसॉल्ट झिजून ती झाली. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, चपलेला किलो-किलोने चिकटते, आणि एप्रिल-मे महिन्यात आकसून पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते. चेहऱ्यावरचा पॅक वाळताना जे ओढल्यासारखे वाटते, त्यामागे हाच गुण.

या मातीचे तेल शोषण्याचे काम कारखान्यांनाही ठाऊक आहे. पूर्वी युरोपात कच्च्या लोकरीतला तेलकटपणा काढायला अशी माती वापरत. आज सरकीचे किंवा सोयाबीनचे तेल रिफाइंड करताना त्यातला रंग आणि अशुद्धी काढण्यासाठी याच जातीच्या, प्रक्रिया केलेल्या मातीतून ते काढतात. मात्र शेतातली काळी माती चेहऱ्याला फासण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. तिच्यात खते असतात, कीटकनाशकांचे अंश असतात आणि धनुर्वाताचे जंतूही असू शकतात.

पॅक आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा लावावा. साध्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात भिजवावा आणि पूर्ण कडकडीत वाळून भेगा पडण्याआधी, ओलसर असतानाच धुवून टाकावा. त्याचा गुण काही तासांचा, कारण माती वरचे तेल टिपते, आतल्या ग्रंथीला हात लावत नाही. एखाद्या कार्यक्रमाच्या दिवसापुरते ते पुरेसे असते. कोरड्या किंवा पुरळ उठणाऱ्या चेहऱ्याला पॅक नकोच.

याच पॅकमध्ये लिंबू पिळायची सवय मात्र सोडावी. लिंबाचा रस कमालीचा आम्लधर्मी असतो, आणि तो लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे चट्टे उठून काळे डाग महिनोन् महिने राहतात. खाण्याचा सोडा उलट्या दिशेने चुकतो : त्वचेची प्रकृती सौम्य आम्लाची, सोडा अल्कधर्मी.

पाण्याचेही एक प्रकरण आहे. बोअरच्या ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते आणि साबणाला फेस येत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असते. अशा पाण्यात साबणाची चिकट साय तयार होते आणि ती त्वचेवर बसते. चेहरा धुतल्यावरही चरबरीत वाटतो, तो त्यामुळे. इथे वडीच्या साबणापेक्षा सौम्य फेसवॉश बरा. चेहरा दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर धुवावा. पाच-सहा वेळा धुतल्याने तेल कमी होत नाही, त्वचा तेवढी सोलवटते. डोक्याला चपचपीत तेल लावून ते कपाळावर ओघळू देणाऱ्यांनी कपाळावरच्या बारीक पुळ्यांचे कारण दुसरीकडे शोधू नये.

बाटलीतले काय उपयोगी

दुकानात शंभर नावे असली तरी कामाची द्रव्ये मोजकी आहेत, आणि ती वेष्टनामागच्या बारीक अक्षरांत सापडतात.

सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून रोमकूपात उतरून तिथले बूच सैल करते. ०.५ ते २ टक्के प्रमाणाचा फेसवॉश किंवा लोशन साठ्याच्या तक्रारीवर चांगले. रोज न लावता आधी एक दिवसाआड लावून बघावे.

नियासिनमाइड, म्हणजे ब ३ जीवनसत्त्वाचे एक रूप, हे सीरमच्या बाटल्यांवर आज ठळक अक्षरांत मिरवते. भारतीय घरांना ते मुळीच नवे नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या आणि २०२० मध्ये नाव बदललेल्या 'फेअर अँड लव्हली'तले मुख्य द्रव्य हेच होते. गोरेपणाच्या नावाने जे विकले गेले तेच आता छिद्रांच्या नावाने विकले जाते. २ ते ५ टक्के प्रमाणात ते तेल थोडे आटोक्यात ठेवते आणि त्वचेचा वरचा थर सुधारते. परिणाम सौम्य, पण त्रासही कमी.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो रेटिनॉइड गटाचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालते हे दाखवले. पुढे उन्हाने खराब झालेल्या त्वचेतही त्याने सुधारणा होते हे दिसून आले. हे द्रव्य बूच तयार होऊ देत नाही आणि कोलाजेन वाढवते. तिन्ही कारणांपैकी दोहोंना एकदम हात घालणारे औषध हे एवढेच. अ‍ॅडापेलीन त्याच गटातले, जरा सौम्य. अमेरिकेत ते २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडे ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे. पहिले काही आठवडे लाली येते, साल निघते. तेव्हा एक रात्र सोडून लावावे आणि वरून मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन नसेल तर हा उपाय सुरूच करू नये. गरोदर बायकांनी आणि मूल होण्याच्या विचारात असलेल्यांनी तो पूर्ण टाळावा.

प्रसाधन कुठे संपते आणि औषध कुठे सुरू होते हा प्रश्न महाराष्ट्रात कोर्टातही गाजला आहे. केशव पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तो प्रश्न कराचा होता. आपल्यासाठी हा फरक जिवाला घोर लावणारा ठरतो, तो पुढच्या ट्यूबच्या बाबतीत.

स्वस्त ट्यूबची महागडी चूक

मैत्रिणीने सांगितली, मेडिकलवाल्याने दिली, चार दिवसांत चेहरा उजळला, पुळ्या बसल्या : अशी ख्याती असलेल्या ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल यांपैकी नाव असेल तर ती स्टेरॉइडची आहे. पहिले काही दिवस सगळे छान दिसते. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बारीक केस वाढतात, पुळ्या दुप्पट जोमाने येतात, आणि ट्यूब थांबवली की उन्हात चेहऱ्याची आग होते. स्टेरॉइड कोलाजेनच घटवते, म्हणजे ज्या काठाला आधार द्यायचा तोच ते कुरतडते. देशातल्या १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे चेहऱ्याला लावत होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. कायदा झाला, तरी मागणाऱ्याने नाव वाचायचे काम उरतेच. कुणी अशी ट्यूब महिनोन् महिने लावत असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. सेलूहून मानवत रोडमार्गे रेल्वेने परभणी फार लांब नाही.

डॉक्टरकडे कधी आणि किती अपेक्षेने

पू भरलेल्या, दुखणाऱ्या पुळ्या असतील, किंवा तेलकटपणासोबत पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर क्रीमच्या मागे न लागता तपासणी करावी. मूळ हार्मोनमध्ये असू शकते. तैलग्रंथी आक्रसवणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तीव्र मुरुमांसाठी असतात. गर्भाला त्या गंभीर इजा करतात, म्हणून नुसत्या छिद्रांसाठी कुणाच्या उरलेल्या पाकिटातून त्या घेऊ नयेत. केमिकल पील, मायक्रोनीडलिंग, फ्रॅक्शनल लेझर यांनी काठाला थोडा कस येतो. त्याला अनेक बैठका लागतात आणि आपल्या सावळ्या त्वचेवर जोर जास्त झाला तर काळे डाग मागे राहतात, त्यामुळे हे काम शिकलेल्या हाताकडूनच करून घ्यावे.

अपेक्षाही मोजून ठेवावी. मोबाइल एका फुटावर धरून सेल्फी काढला, तर नाक पाच फुटांवरून दिसते त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असा हिशेब अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली मांडला. छिद्रे सर्वांत जास्त असतात ती नाकावरच. समोरचा माणूस आपल्याला एवढ्या जवळून बघत नाही.

ज्याच्याकडे महिन्याला दोनच वस्तूंचे पैसे आहेत, त्याने सौम्य फेसवॉश आणि सनस्क्रीन घ्यावे. तिसरीची ऐपत असेल तर तेलकट, ठिपक्यांच्या चेहऱ्याला सॅलिसिलिक आम्ल. गालावरची छिद्रे लांबट झाली असतील तर डॉक्टरांना विचारून रेटिनॉइड. पार्लरचे पॅकेज या तिन्हींनंतर. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे घेतो आणि रेटिनॉइडचा फरक डोळ्यांना दिसायला तीन महिने लागतात. घरात तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला असेल, तर नागपंचमीपासून सुरुवात करावी. आणि लग्न आठवड्यावर आले असेल, तर नवीन काहीही सुरू करू नये.